शंभर टक्के, पण किती तास?

प्रश्न : स्पेनच्या कॅनरी बेटांमधलं एल येरो हे छोटं बेट शंभर टक्के वाऱ्याच्या विजेवर चालतं, असं वाचलं. खरं आहे का?

काही दिवस, हो. 2019 च्या उन्हाळ्यात तिथे सलग सुमारे 25 दिवस डिझेलची गरज पडली नाही. त्याच अख्ख्या वर्षाचा हिशोब मांडला, तर अक्षय ऊर्जेचा वाटा 54 टक्क्यांच्या आसपास भरतो. आकडे दोन्ही खरे. मिरवला जातो तो पहिला.

प्रश्न : पवनचक्क्या आणि तलावांच्या या प्रकल्पावर आठ कोटी युरोंच्या वर खर्च करूनही डिझेलवरची वीज का सुटत नाही?

आपल्या घाटघर जलविद्युत प्रकल्पासारखीच रचना आहे, फक्त जोडीला पवनचक्क्या. वारा जास्त असला की पाणी पंपाने वर चढवायचं, वारा पडला की तेच खाली सोडून वीज करायची. पाच पवनचक्क्या मिळून साडेअकरा मेगावॅट. बेटाची सरासरी गरज पाचेक मेगावॅट. म्हणजे चक्क्या पुरेशा आहेत. अडतं ते पाण्यापाशी. वरचा तलाव विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात, ऐसपैस. खालचा मात्र जेमतेम दीड लाख घनमीटरचा. तो भरला की वरून पाणी सोडणार कुठे? साडेसहाशे मीटरची उंची धरून गणित करा, साठा जेमतेम दोन दिवस पुरतो. आणि वारा पडतो तो आठवडाभर! हे गणित कागदावर आधीही करता आलं असतं, म्हणून ‘शंभर टक्के’ची घोषणा मला तेव्हाही खटकली होती.

प्रश्न : प्रकल्पात मोठा वाटा बेटाच्या स्थानिक परिषदेचाच आहे. मग जाब कोण विचारणार?

नेमकी मेख तिथेच. मालक आणि पाठ थोपटणारा एकच. सुदैवाने वीजवहन स्वतंत्र कंपनीकडे आहे, रेड एलेक्ट्रिकाकडे. वारा, पाणी, डिझेल यांतून किती वीज आली, हे ती दर काही मिनिटांनी जाहीर करते. कोणीही घरबसल्या बेरीज करून दावा ताडू शकतो. फक्त एक जपा : पंपाला दिलेली वीज आणि त्याच पाण्यातून परत आलेली वीज, दोन्ही धरलीत तर आकडा फुगतो.

प्रश्न : लोकांचं वीजबिल तरी उतरलं का?

प्रकल्पामुळे नाही. स्पेनमध्ये नियंत्रित दर बेटांवर आणि मुख्य भूमीवर सारखेच. बेटांवरचा जादा खर्च देशभरचे ग्राहक आणि सरकारी तिजोरी उचलतात. तेव्हा हिशोब मागायचा हक्क माद्रिदच्या ग्राहकालाही आहे.