नौपाड्यातला तिसरा मजला

मेलबर्नहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचे आईवडील ठाण्यात, नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट नाही. वडील 78 वर्षांचे, आईचे गुडघे गेलेले. पुनर्विकासाच्या सभा होतात, पुढे काही सरकत नाही. ताई आणि त्यांचा भाऊ यांचा विचार असा की हे घर विकावं आणि घोडबंदर रोडला मोठ्या संकुलात लिफ्टचं घर घ्यावं. तिथे सुरक्षारक्षक आहेत, बाग आहे, क्लबहाउस आहे. आई तयार आहे. वडील हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. "बाबांना कसं समजवायचं?" असा ताईंचा प्रश्न आहे.

ताई, जिन्याची काळजी अगदी खरी आहे. पावसाळ्यात ओल्या पायऱ्या आणि हातात भाजीची पिशवी, हे चित्र तुम्हाला तिकडे झोपू देत नसेल. पण त्रास जिन्याचा आहे आणि तुम्ही नौपाडाच सोडायला निघालात. या दोन गोष्टी आधी वेगळ्या करू या.

बाबांचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी कचराळी तलावाला दोन फेऱ्या, तिथल्या बाकावरच्या गप्पा. येताना गावदेवी मंडईतली भाजी. पासबुक भरायला बँक, गोळ्यांसाठी केमिस्ट, दाढ दुखली तर तीस वर्षांचा ओळखीचा डॉक्टर. संध्याकाळी घंटाळी देवळापर्यंत चक्कर, कधी तलावपाळी, कधी गडकरी रंगायतनला नाटक, वाचणारे असतील तर 1893 पासून चालत आलेलं मराठी ग्रंथसंग्रहालय. हे सगळं पायी होतं. कोणाला फोन करावा लागत नाही, कोणाची वाट पाहावी लागत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. आम्ही माझ्या वडिलांना अशाच एका संकुलात नेलं होतं. घर सुंदर होतं, खिडकीतून येऊरचे डोंगर दिसायचे. पण फाटकाबाहेर मोठा रस्ता, पलीकडे जायचं तर जीव मुठीत धरायचा, आणि प्रत्येक कामाला रिक्षा. सुरुवातीला ते विचारायचे, "जरा स्टेशनकडे सोडतोस का?" मी ऑफिसात असायचो. वर्षभरात त्यांनी विचारणं बंद केलं. आम्हाला वाटलं, रमले. ते रमले नव्हते, त्यांनी बाहेर पडणंच सोडलं होतं. हे मला फार उशिरा कळलं, म्हणून तुम्हाला आज कळकळीने लिहितो आहे.

आमच्या जुन्या इमारतीत दारावर पेपर तसाच राहिला तरी खालच्या मजल्यावरच्या काकू साडेआठला वर येऊन बेल वाजवायच्या. तुम्ही परदेशात असताना आईबाबांची पहिली खबर घेणारी माणसं हीच असतात. कॅमेऱ्यात तुम्हाला दार दिसेल. दार उघडायला माणूस जवळचाच लागतो.

घोडबंदर वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. लहान मुलं असलेली, एकाच वेळी राहायला आलेली कुटुंबं तिथे छान रुजतात, आवारात मुलांना मोकळं खेळता येतं. उद्या तुम्हीच मुलांना घेऊन परत आलात तर तुमच्यासाठी ते घर योग्य ठरेलही. प्रश्न आत्ता दोघंच राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा आहे.

मग करायचं काय? नौपाडा, पाचपाखाडी, विष्णूनगर या पट्ट्यात पुनर्विकास होऊन लिफ्ट असलेल्या इमारती आता पुष्कळ आहेत. त्यातच घर भाड्याने बघा, आत्ताच्या घरापासून पायी दहा मिनिटांच्या आत. विकत घेण्याची घाई नको. जुनं घर ठेवा. ते भाड्याने दिलंत तर लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणीकृत करा. 11 महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी टळत नाही. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावेल, पण ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही.

पुनर्विकासाचं म्हणाल, तर राज्य सरकारच्या 4 जुलै 2019 च्या निर्णयाप्रमाणे आता 51 टक्के सभासदांची संमती पुरते. म्हणजे गोष्ट अचानक वेग घेऊ शकते, आणि तेव्हा घर विकून बसलेलं असणं तुम्हाला चुटपुट लावेल. सभेचं चित्रीकरण होणं बंधनकारक आहे, ते मागून घ्या. नव्या घराचा करार स्वतंत्रपणे नोंदवल्याशिवाय बाबांनी बिल्डरला जुन्या घराची किल्ली देऊ नये, मग बाकी सगळ्यांनी दिलेली असो. आणि बांधकाम चालू असताना बाहेर राहण्यासाठी बिल्डर जे भाडं देणार ते नौपाड्यातच घर मिळेल एवढं आहे का, हे आधी बघा. लांबचं स्वस्त घर घेतलंत की आपण पुन्हा त्याच जागी आलो.

घराच्या कागदांवर तुमचं किंवा भावाचं नाव असेल तर मुखत्यारपत्र लागेल. ते तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून घ्या आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. ही मुदत बऱ्याच जणांच्या हातून निसटते. सोसायटीत नॉमिनी लावलेला असला तरी मृत्युपत्र वेगळं करावं लागतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

नवी मुंबईतल्या वाशी, नेरुळमधले वाचकही हेच विचारतात. तिथे सेक्टरातच बाजार, बाग, शाळा असल्याने चालत होणारा दिवस सहज जमतो. जमीन मात्र बहुतेक ठिकाणी सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, भाडेपट्ट्याची, तेव्हा घर हस्तांतरित करताना सिडकोची परवानगी आणि शुल्क धरून चाला.

नौपाड्याचे दोषही लपवत नाही. पदपथ दुकानांनी आणि दुचाकींनी खाल्लेत, पार्किंगवरून रोज वाद, गोखले रोडला संध्याकाळी चालणंही कठीण. म्हणून भाड्याचं घर बघताना संध्याकाळी सहा वाजता आईला सोबत घेऊन त्या गल्लीतून चाला. गल्लीत रुग्णवाहिका वळेल का ते बघा. लिफ्टपर्यंत पोचायला चार पायऱ्या असतील तर आईच्या गुडघ्यांसाठी तेही घर नको. आई "तयार" आहे ती कदाचित फक्त जिन्याला कंटाळून. तिच्या मैत्रिणी, भजनाचं मंडळ याच भागात असतील, तर तेही तिला विचारा.

डिसेंबरच्या सुट्टीत येणारच आहात. परतीचं तिकीट नौपाड्यात जानेवारीत होणाऱ्या रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमालेनंतरचं काढा. एका संध्याकाळी बाबांबरोबर सरस्वती शाळेच्या पटांगणात जाऊन बसा. व्याख्यान संपल्यावर त्यांना भेटायला कोण कोण थांबतं ते बघा, आणि घराचा विषय घरी परतताना, त्यांच्या चालीने चालत काढा.