निशाणावरची चार अक्षरे

प्रश्न : माझा भाचा रॉटरडॅमला नोकरीस आहे. तेथील धक्क्यावरच्या एका जुन्या इमारतीचे छायाचित्र त्याने पाठवले असून त्या इमारतीवर 'हॉलंड अमेरिका लाइन' हे नाव डच भाषेत लिहिलेले दिसते. सोबत त्याच कंपनीच्या बोटीचे एक जुने चित्रकार्ड आहे. बोटीच्या निशाणावर हिरवा, पांढरा, हिरवा असे तीन आडवे पट्टे आणि मधल्या पट्ट्यात 'एन. ए. एस. एम.' ही अक्षरे आहेत. ही अक्षरे कंपनीच्या नावाशी का जुळत नाहीत? आणि डच झेंडा लाल, पांढरा, निळा असताना हा हिरवा रंग आला कोठून?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपल्या घरांत एखाद्याचे कागदोपत्री नाव एक आणि हाकेचे नाव दुसरे असते, तसाच हा प्रकार आहे. कंपनीचे मूळ नाव 'नेडरलांड्स-अमेरिकान्स स्टोमफार्ट मात्सखापै', म्हणजे 'डच-अमेरिकन आगबोट कंपनी', आणि निशाणावरची चार अक्षरे ही त्या चार शब्दांची आद्याक्षरे आहेत. 1871 मध्ये सुरू झालेल्या एका भागीदारी पेढीची 'रॉटरडॅम' नावाची आगबोट ऑक्टोबर 1872 मध्ये न्यूयॉर्ककडे निघाली. पेढीचे भांडवल अपुरे पडू लागल्यामुळे 18 एप्रिल 1873 रोजी तिचे रूपांतर भागधारकांच्या कंपनीत झाले. एवढे लांबलचक नाव उच्चारण्याची तसदी उतारूंनी घेतली नाही. 'हॉलंड अमेरिका लाइन' हेच नाव रूढ झाले आणि 1896 पासून कंपनीनेही ते व्यवहारात स्वीकारले. मात्र नोंदणीतले नाव बदलले नव्हते, त्यामुळे निशाणावरची अक्षरेही बदलली नाहीत. इमारत 1901 मधली, म्हणून तिच्यावर नवे नाव. निशाण त्याआधीचे, म्हणून त्यावर जुने.

हिरवा रंग देशाचा नाही, शहराचा आहे. रॉटरडॅम शहराचा झेंडाच हिरवा-पांढरा-हिरवा आहे. शहराच्या जुन्या मानचिन्हात हिरव्या ढालीवर मधोमध उभा पांढरा पट्टा असून तो म्हणजे हिरव्या भूमीतून वाहणारी रॉटे नदी, असा त्याचा अर्थ लावला जातो. याच नदीवरच्या धरणावरून गावाला नाव मिळाले. कंपनीने शहराचे रंग जसेच्या तसे उचलले आणि त्यांवर आपली अक्षरे तेवढी घातली.

यामागे केवळ गावाचा अभिमान नसावा, असे मला वाटते. गाळाने भरत चाललेल्या नदीमुखांमुळे रॉटरडॅमचा समुद्राशी असलेला संबंध तुटण्याच्या बेतात होता. पीटर कालांड या अभियंत्याच्या योजनेनुसार समुद्रापर्यंत खोदलेला नवा जलमार्ग 1872 मध्ये, म्हणजे पहिली आगबोट निघाली त्याच वर्षी, वाहतुकीस खुला झाला. सुरुवातीला तो पुरेसा खोल नसल्यामुळे मोठ्या बोटींना दक्षिणेकडील हेलेफुटस्लाउस बंदराचा आसरा घ्यावा लागे. तरीही कंपनीने आपल्या एका सुरुवातीच्या बोटीला 'पी. कालांड' हेच नाव दिले. बंदर आणि कंपनी यांचे नशीब एकमेकांत इतके गुंतलेले असताना निशाणावर दुसरे रंग येणे कठीणच होते.

असे निशाण बोटीच्या डोलकाठीवर लावतात, तर राष्ट्रध्वज मागच्या टोकाला असतो. पहिल्यावरून मालक कळतो आणि दुसऱ्यावरून बोटीची नोंदणी कोणत्या देशातली ते कळते. कापडी निशाण लांबून नीट दिसत नाही, म्हणून कंपन्या धुराड्यालाही आपले रंग देतात. या कंपनीच्या पिवळ्या धुराड्यांवर पुढे हेच हिरवे-पांढरे पट्टे रंगवले जात असत.

छायाचित्रातील इमारत हे कंपनीचे मुख्य कार्यालय होते. पूर्व युरोपातून अमेरिकेत कायमचे जायला निघालेली गरीब कुटुंबे याच परिसरातून बोटीवर चढत. आता तेथे 'हॉटेल न्यूयॉर्क' असून ते 1993 पासून चालू आहे. भाच्याला तेथे एकदा चहा घ्यायला अवश्य सांगावे.

प्रश्न : याच कंपनीच्या बोटींच्या नावांच्या शेवटी 'डॅम' का असते? कंपनी अजून आहे का?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : उतारूंच्या बोटींची नावे 'डॅम'ने आणि मालवाहू बोटींची 'डाइक'ने संपवावीत, असा कंपनीचा प्रघात होता. पहिल्या शब्दाचा अर्थ धरण आणि दुसऱ्याचा बांध. समुद्रसपाटीहून खाली राहणाऱ्या लोकांना नावांसाठी फार लांब जावे लागले नाही. या नावांपैकी सर्वांत गाजलेली बोट 1938 ची 'न्यू ॲमस्टरडॅम'. 1959 च्या 'रॉटरडॅम'ला मात्र नेहमीचे धुराडेच नव्हते; मागच्या बाजूला शेजारी-शेजारी दोन सडपातळ नळ्या तेवढ्या होत्या. ती बोट आज रॉटरडॅमच्या बंदरात हॉटेल म्हणून उभी आहे.

विमानांनी उतारू पळवल्यावर 1971 मध्ये अटलांटिकवरची नियमित सेवा थांबली आणि कंपनी सहलींच्या व्यवसायाकडे वळली. 1989 मध्ये 'कार्निव्हल' या अमेरिकी कंपनीने ती विकत घेतली. तिच्या नंतरच्या बोधचिन्हात एका आधुनिक बोटीशेजारी हेन्री हडसनचे शिडाचे जहाज दिसते. 1609 मध्ये हडसनला त्या जहाजावरून धाडणारी डच ईस्ट इंडिया कंपनी आपल्या गावाला परकी नाही. वेंगुर्ल्याची डच वखार तिचीच. हॉलंड अमेरिका लाइनचे कार्यालय आता अमेरिकेत सिॲटलला आहे, पण बोटींच्या मागच्या बाजूला नोंदणीचे बंदर म्हणून 'रॉटरडॅम' हेच नाव लिहिलेले असते.