स्कॉटलंडच्या लॉखवर ब्राउन ट्राउटसाठी सुरुवातीला कोणत्या फ्लाय बांधाव्यात?

तुम्ही लिहिलंय की एडिनबरोला येऊन वर्ष झालं, फ्लाय (गळावर पिसं-दोरा बांधून केलेला नकली किडा) बांधायचा संच घेतलाय, मे महिन्यात उत्तरेकडच्या सदरलँडच्या डोंगरातल्या लॉखवर, म्हणजे तळ्यावर, जायचंय, पण शेकडो नमुने बघून कुठून सुरुवात करावी तेच कळेना. मी बारा वर्षं इन्व्हरनेसला राहतोय आणि सुट्टी मिळाली की उत्तरेकडच्या कुठल्या तरी तळ्याच्या काठी असतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तीनच बांधा. ब्लॅक पेनेल, बिबिओ आणि केट मॅकलारेन. तिन्ही मुख्यतः काळ्या आहेत आणि त्याला कारण आहे. डोंगरातल्या लॉखचं पाणी पीटमुळे (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या दलदलीतल्या मातीमुळे) कोऱ्या चहासारखं दिसतं, आम्लधर्मी असतं आणि त्यात खाणं कमी. तिथला रानटी ट्राउट मोठा भाग वाऱ्यावर जगतो: हीदरच्या झुडपांतून उडून पाण्यात पडलेले भुंगे, माश्या, जे मिळेल ते. एकदा घरी खायला ठेवलेल्या पाव किलोच्या माशाचं पोट साफ करताना आतला ऐवज मी पांढऱ्या बशीत पाण्यात पसरून पाहिला. सात-आठ काळे भुंगे, चिलटांचे बारीक कोष, आणि वाळूचे कण चिकटवून केलेली कॅडिस अळीची दोन घरटी. रंगीबेरंगी असं काहीच नाही. शिवाय मासा खालून वर बघतो, आणि उजळ आभाळासमोर काळी आकृती सगळ्यात ठसठशीत दिसते.

सुरुवात पेनेलपासून करा. १२ नंबरचा गळ घ्या. काळा दोरा गळाच्या डोळ्यामागून (दोरी ओवायच्या भोकामागून) वाकापर्यंत एकाला एक लावून गुंडाळा. शेपटीला गोल्डन फेजंट या पक्ष्याच्या मानेवरचे नारिंगी, काळ्या पट्ट्यांचे सहा-सात तंतू पुरे. तिथेच चंदेरी तार अडकवा, अंग काळ्या रेशमाचं आणि अगदी सडपातळ ठेवा, त्यावरून तारेचे चार-पाच विळखे उघडे दिसतील असे घ्या. पुढे काळ्या कोंबडीचं पीस, दोनच वेढे. तिसरा घ्यावासा वाटेल, घेऊ नका. डोळ्यामागे दीड मिलिमीटर जागा आधीपासूनच मोकळी सोडा, नाहीतर शेवटी डोकं बांधायला जागा उरत नाही आणि तळ्यावर गार बोटांनी दोरी ओवताना डोळा बुजलेला सापडतो.

माझ्या पहिल्या हिवाळ्यातल्या चाळीसेक फ्लाय मी पिसांनी भरगच्च बांधल्या होत्या. डबीत फार सुंदर दिसायच्या. त्या मोसमात मासे जवळ येऊन परत फिरत. शेवटी मी त्यातली एक काचेच्या ग्लासात पाण्यात सोडली आणि खालून पाहिली. ओली होऊन तिचा कुसळाचा गोळा झाला होता. तिची निम्मी पिसं नखाने उपटली, परत सोडली, दोरी जरा हलवली, तर उरलेले तंतू पायांसारखे मिटत-उघडत होते. तेव्हापासून प्रत्येक नवी फ्लाय आधी ग्लासात जाते.

बिबिओचं अंग काळं-लाल-काळं आणि त्यावर आडवं गुंडाळलेलं काळं पीस. इथे कोंबडीचं मऊ पीस नको, कोंबड्याचं ताठ हवं. ते डोक्याकडून मागे गुंडाळा आणि मग तार उलट दिशेने त्याच्या मधून पुढे आणा. ट्राउटचे दात बारीक पण धारदार असतात. तारेने दाबलं नाही तर दुसऱ्याच माशाला पीस सुटून लोंबतं. केट मॅकलारेन तशीच, फक्त अंग सगळं काळं, शेपटीला फेजंटच्या तुऱ्याचं सोनेरी पीस आणि गळ्याशी तपकिरी पिसाचे एक-दोन वेढे. या दोघींचं अंग मुळात सीलच्या केसांचं असतं, त्याऐवजी हल्ली मिळणारे कृत्रिम तंतू चालतात.

दोरीवर सगळ्यात वर केट, कारण ती झुबकेदार आहे. मधे बिबिओ, टोकाला पेनेल. पहिले काही दिवस दोनच लावा, वाऱ्यात तिघींचा गुंता सोडवण्यातच दुपार जाते. दोरी ओढत आणली की लगेच उचलू नका. काठी वर करत वरची फ्लाय लाटेच्या पाठीवर क्षण-दोन क्षण खेळवा. माझे निम्मे मासे तिथेच लागले आहेत. आणि काठावर पोचल्या पोचल्या पाण्यात उतरू नका. ट्राउट गुडघाभर पाण्यात, तुमच्या पायाशीच असतो.

मे महिन्यात हॉथॉर्न फ्लाय हा काळा, पाय लोंबकळत उडणारा किडा असतो, ऑगस्टमध्ये त्याची लाल पायांची बहीण हीदर फ्लाय. दोघांच्या शास्त्रीय नावात ‘बिबिओ’ आहेच, तेव्हा हीच फ्लाय दोन्ही वेळा कामाला येते. डर्नेसची चुनखडीवरची लॉख मात्र वेगळी. पाणी काचेसारखं, झिंगे-गोगलगायींची रेलचेल, मासा मोठा आणि चिकित्सक. तिकडे पहिल्याच वर्षी जाऊ नका.

पुढे कधी तरी डंकेल्ड नावाची फ्लाय बांधाल. तिच्या दोन्ही गालांना लावायचं पीस आपल्या सह्याद्रीतल्या राखाडी रानकोंबड्याच्या मानेचं असतं, टोकाला मेणाचा थेंब गोठावा तसा पिवळसर ठिपका. मी साताऱ्याचा. कोयनेच्या रानात पहाटे ज्याचं आरवणं ऐकलं त्याचं पीस इथे टेबलावर पाहून मी कितीतरी वेळ नुसता बसून होतो. रानातल्या पक्ष्याला आपल्याकडे कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे पाळलेल्या पक्ष्यांचंच पीस घ्या, आणि विकणाऱ्याला तसं स्पष्ट विचारा.

मोसम १५ मार्च ते ६ ऑक्टोबर. सरकारी परवाना लागत नाही, पण त्या पाण्याची परवानगी आधी काढावीच लागते. बहुतेक ठिकाणी स्थानिक क्लब किंवा जमीनमालक देतात.

मेपर्यंत प्रत्येकी चार बांधा, १० आणि १२ नंबरच्या, पेनेल दोन १४ च्याही. पहिली झाली की ग्लासात सोडून खालून फोटो काढा आणि मला दाखवा, किती पिसं उपटायची ते सांगतो.