आधी कार्डाची मेमरी ठरव, मग बाकीचं

तुझा प्रश्न थोडक्यात असा: इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, घर कोल्हापूरच्या शाहूपुरीत तळमजल्यावर, हातात ऐंशी हजारांच्या आसपास. चोवीस तास चालणारा लिनक्स सर्व्हर बांधायचाय, आजीच्या ओव्यांची रेकॉर्डिंग्ज मजकुरात उतरवायचीत आणि एखादं भाषा मॉडेल घरीच चालवून बघायचंय. दुकानदाराने आय-सेव्हन, ३२ जीबी रॅम आणि ८ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड अशी यादी दिलीय. मित्र म्हणतो, कंपन्यांच्या डेटा सेंटरमधून निघालेला जुना रॅक सर्व्हर उचल.

भावा, दोन्ही नकोत. रॅक सर्व्हरचे बारके पंखे असे किंचाळतात की घरचे दुसऱ्याच दिवशी प्लग काढतील, आणि नुसता बसून राहिला तरी तो वीज पीत राहतो. दुकानदाराच्या यादीत पैसे चुकीच्या जागी गेलेत.

कारण सांगतो. भाषा मॉडेल एकेक टोकन, म्हणजे शब्दाचा तुकडा, काढताना जवळजवळ अख्खं मॉडेल मेमरीतून वाचून काढतं. म्हणजे वेग प्रोसेसरवर कमी आणि मेमरी किती झपाट्याने वाचता येते यावर जास्त. ८ अब्ज पॅरामीटरचं (मॉडेलमधले शिकलेले आकडे) मॉडेल ४ बिटवर आणलं, म्हणजे प्रत्येक आकडा ४ बिटांत दाबून बसवला, की ५ जीबीच्या घरात बसतं. आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबीवाल्या कार्डाची मेमरी सेकंदाला ३६० जीबी वाचते, म्हणजे सेकंदाला सत्तरेक टोकन ही वरची मर्यादा. प्रत्यक्षात कमी मिळतील, तरी वाचायच्या वेगापेक्षा भरपूर. तेच मॉडेल डीडीआर४-३२०० रॅमवर चालवलंस, तर दोन पट्ट्या मिळून सेकंदाला ५१ जीबी, म्हणजे फार तर दहा टोकन. इथे आय-फाइव्हच्या जागी आय-सेव्हन घालून काही हलत नाही. उलट दुकानात ३२ जीबीची एकच पट्टी लावून देतात, मग तेही निम्मं होतं. १६ च्या दोन माग.

८ जीबीच्या कार्डात हे मॉडेल मावतं, पण संदर्भासाठी, म्हणजे आधीचा मजकूर ध्यानात ठेवायला, जागा फारशी उरत नाही. त्यात बहुतेक मॉडेल देवनागरी मजकुराचे इंग्रजीपेक्षा जास्त टोकन करतात, त्यामुळे तेवढ्याच मजकुराला मराठीत जागा आणि वेळ दोन्ही जास्त लागतात. १४ अब्जवालं मॉडेल ४ बिटवरही ९ जीबीच्या आसपास जातं. ते ८ मध्ये मावत नाही, १२ मध्ये मावतं. मॉडेलचा थोडा भाग जरी रॅमवर सांडला तरी वेग धाडकन पडतो. म्हणून कार्ड १२ जीबीचं घे, जुनं चालेल, पण दुकानात तासभर लोडवर चालवून तापमान बघून घे. २४ जीबीचं ३०९० मोहात पाडेल, पण ते ३५० वॅटचं धूड आहे, त्याला वीजपुरवठाही तसाच दणकट लागतो. स्वस्तात मिळणाऱ्या टेस्ला पी४० या जुन्या सर्व्हर कार्डाचा तर नादच करू नकोस. त्याला स्वतःचा पंखा नाही, आणि कूडा (एनव्हिडियाच्या कार्डावर हिशेब चालवणारं सॉफ्टवेअर) १३ पासून त्या पिढीचा आधारच काढून टाकलाय.

चोवीस तासांचा हट्ट मात्र सोड. कार्डवालं मशीन रिकामं बसून ६० वॅट खात असेल तर महिन्याला ४३ युनिट होतात. महावितरणच्या १०० युनिटांच्या वरचा दर पुढच्या टप्प्याचा लागतो, आणि तुमच्या घरचा वापर नव्वदच्या पुढे असेल तर यातले बहुतेक युनिट त्याच दराने जातील. त्यापेक्षा ऑफिसातून निघालेला एखादा जुना मिनी पीसी घे. दहा वॅट धरले तर महिन्याला सात युनिट. फाइल्स, बॅकअप, छोट्या स्क्रिप्ट त्याच्यावर. मोठं मशीन झोपलेलं राहू दे, काम आलं की वेक-ऑन-लॅनने, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारून, उठव.

आता तळमजला. २०१९ ला आणि २०२१ ला शाहूपुरीत पाणी कुठवर आलं होतं ते घरच्यांना विचार. मशीन आणि यूपीएस दोन्ही माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर. ते जमत नसेल तर पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की बंद करून उचलायचं, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघायची नाही. मॉडेल परत उतरवता येतात, आजीचा आवाज येत नाही. मूळ रेकॉर्डिंगची एक प्रत गावाबाहेर, नातेवाइकांकडे ठेव.

वळवाच्या पावसात वीज कडाडली की गल्लीतल्या खांबावरून आलेली लॅन केबलही झटका आत आणते, फक्त प्लग काढून भागत नाही. फायबर थेट घरात घे. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी अर्थिंग. वायरमनला न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजायला सांग, दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. यूपीएस १००० व्हीएचा, यूएसबी पोर्टवाला, म्हणजे एनयूटी (यूपीएसशी बोलणारं फुकट सॉफ्टवेअर) लावून लाइट गेल्यावर मशीन स्वतः नीट बंद होईल. घरच्या इन्व्हर्टरवर टाकणार असशील तर मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघ.

उबुंटू सर्व्हर २४.०४ टाक, डेस्कटॉप नको. कार्डाचा ड्रायव्हर टाकताना सिक्युअर बूट (ओळख नसलेल्या सॉफ्टवेअरला सुरुवातीलाच अडवणारी सोय) चालू असेल तर इन्स्टॉलर एक पासवर्ड ठेवायला सांगतो, आणि रीबूटनंतर निळ्या पडद्यावर तोच पासवर्ड देऊन ड्रायव्हरची सुरक्षा-किल्ली नोंदवावी लागते. मॉनिटर काढून ठेवलास तर तो पडदा तुला दिसणारच नाही, काही सेकंदांत निघून जातो आणि ड्रायव्हर काही लोड होत नाही. तेवढं होईपर्यंत मॉनिटर-कीबोर्ड राहू दे.

मॉडेल चालवायला ओलामा नावाचं सॉफ्टवेअर लावशील, त्याला मुळात पासवर्ड नसतो. त्याचा ११४३४ पोर्ट बाहेर इंटरनेटवर उघडायचा नाही. तसंही इथले बरेच फायबरवाले सीजीनॅटमागे ठेवतात, म्हणजे बऱ्याच घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंग चालत नाही. टेलस्केल हे खासगी नेटवर्क (व्हीपीएन) जोडणारं सॉफ्टवेअर टाक, कॉलेजमधून आरामात घुसशील.

ओव्यांसाठी व्हिस्पर लार्ज-व्ही३ हे आवाजाचा मजकूर करणारं मॉडेल हाफ प्रिसिजनमध्ये (१६ बिटवर) ३ जीबीच्या आसपास आहे, पण गायलेल्या आवाजावर आणि मधल्या शांततेत ते मनाची वाक्यं घुसडतं. शांत भाग आधी कापणारा व्हीएडी फिल्टर लाव, आणि आयआयटी मद्रासच्या एआय४भारतचं इंडिककन्फॉर्मर हे भारतीय भाषांचं तसलंच मॉडेल शेजारी चालवून दोन्ही उतारे ताडून बघ. दहा मिनिटांच्या ओव्या तू स्वतः ऐकून लिहून काढ, त्यांच्याशी ताडल्याशिवाय कुठलं बरं ते कळणार नाही. ही तुलना कोलॅबवर, म्हणजे गूगलच्या ऑनलाइन मशीनवर, फुकट होते. कार्डाची ऑर्डर त्यानंतर दे.