वाचकांचे प्रश्न : लेकरू झाल्यावर खेळ सुटतो का?

प्रश्न : नमस्कार ताई, मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून लिहून राहिली. वय 27. लग्नाआधी कबड्डीत रेडर होती, दोनदा जिल्ह्यापर्यंत खेळली. आता मुलगी सात महिन्यांची आहे. यंदा संक्रांतीनंतर आमच्या गावात बायांचे सामने ठेवून राहिले, मले लय वाटते उतरावं, पण घरचे म्हणतात लेकरू झालं, आता कायचं खेळतं. भाचीनं मोबाईलवर एक खेळ दाखवला, बर्फावर बाया फडा घेऊन पळतात अन् एक गोटा सरकवतात. ती म्हणे याच खेळातली कॅनडाची एक बाई डिलिव्हरीनंतर दोन महिन्यांत मैदानात उतरली अन् पुढं ऑलिम्पिकचं गोल्ड आणलं. हे खरं आहे का? कोण होती ती? अन् माझ्यासारखीला जमते का?

उत्तर : हो ताई, खरं आहे. भाचीनं त्यात एक अक्षर पदरचं घातलेलं नाही. त्या बाईचं नाव सँड्रा श्मर्लर आणि खेळाचं नाव कर्लिंग.

आधी तिचं गाव सांगते, कारण गाव कळल्याशिवाय ही बाई कळत नाही. कॅनडात सस्कॅचवान नावाचा प्रांत आहे, सगळा सपाट, नजर पोचेल तिथवर गव्हाची वावरं, आणि त्यात बिगर नावाचं एक छोटं गाव, वस्ती दोनेक हजार, म्हणजे आपल्याकडचं एखादं बाजाराचं गाव असतं ना तेवढंच. इंग्रजीत बिगर म्हणजे जास्त मोठं, म्हणून गावकऱ्यांनी अभिमानानं पाटी लावली की न्यूयॉर्क मोठं असेल, पण हे बिगर आहे. 1963 साली सँड्रा तिथं जन्मली. तिकडं हिवाळ्यात पारा उणे 30 च्या खाली जातो, वावरं बर्फाखाली, शेतीचं काम बंद. आपल्याकडं कपाशीची उलंगवाडी झाली, हरभरा घरात आला की कसे शंकरपट आणि कबड्डीचे सामने सुरू होतात, तसं त्यांच्याकडं हिवाळा आला की सगळं गाव कर्लिंगच्या शेडमध्ये. म्हातारे, पोरं, बाया, सगळे. हा काही तिथं श्रीमंतांचा खेळ नाही, गावाच्या रिकाम्या हंगामाचा खेळ आहे, आणि सँड्रा त्या शेडमध्येच तयार झाली.

पुढं कॉलेजला सॅस्काटूनला गेली, मग रेजायना शहरात पोहण्याच्या तलावाच्या केंद्रात नोकरीला लागली. हो, नोकरी. खेळून घर चालत नव्हतं कोणाचंच. 1990 च्या सुमारास तिघी मैत्रिणी जमल्या तिच्यासोबत, जॅन बेटकर, जोन मकस्कर आणि मार्शा गुडराइट. कर्लिंगच्या टीममध्ये चारच जणी असतात, त्यातली जी कॅप्टन ती स्किप, ती पलीकडच्या टोकाला उभी राहून गोटा कुठं टाकायचा ते दाखवते आणि शेवटचे दोन गोटे स्वतः टाकते. सँड्रा स्किप झाली. या चौघींनी 1993 ला कॅनडाचं अजिंक्यपद जिंकलं आणि जिनिव्हाला जाऊन जगाचं पण, पुढच्या वर्षी 1994 ला दोन्ही परत जिंकली. मग 1995 आणि 96, दोन वर्षं कॅनडाचंच हाती लागलं नाही तर जगाचं कुठून, आणि तरी चौघी फुटल्या नाहीत, मला या बाईच्या सगळ्या करिअरमध्ये हीच दोन वर्षं सगळ्यात मोठी वाटतात, कारण हरल्यावर टीम कशी मोडते ते मी शाळेच्या मैदानावर 22 वर्षं पीटी शिकवताना पाहिलं आहे, एकीचा नवरा नको म्हणतो, दुसरीचा अबोला, संपलं. 1997 ला त्याच चौघींनी परत कॅनडा जिंकलं आणि एप्रिलमध्ये स्वित्झर्लंडच्या बर्नला तिसऱ्यांदा जग जिंकलं. एकाच स्किपनं बायांचं जागतिक अजिंक्यपद तीनदा जिंकणं हे तोवर झालेलं नव्हतं.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. त्याच 1997 च्या सप्टेंबरमध्ये सँड्राला पहिली मुलगी झाली, सारा. आणि नोव्हेंबरमध्ये ब्रँडन शहरात निवड स्पर्धा होती, ऑलिम्पिकला कॅनडाकडून कोण जाणार त्याची. लेकरू दोन महिन्यांचं. ती उतरली.

फायनल कॅलगरीच्या शॅनन क्लायब्रिंकच्या टीमशी. त्या मॅचमधला एक शॉट कॅनडातले लोक अजून सांगतात, तो तुम्हाला कॅरमच्या भाषेत सांगते. बर्फावर एक गोल आखलेला असतो, चुलीभोवती रिंगण काढावं तसा, 12 फूट रुंद, ज्या टीमचे जितके गोटे समोरच्यांच्या गोट्यापेक्षा मधल्या ठिपक्याच्या जवळ, तिला तितके पॉइंट. सातव्या डावात विरोधी टीमचा गोटा मोक्याच्या जागी बसलेला आणि त्याच्याकडं जायला समोरून सरळ रस्ता नाही. सँड्रानं काय केलं, बाजूला एक दुसरा गोटा होता त्याच्या कडेला आपला गोटा तिरपा घासला, कॅरममध्ये आपण स्ट्रायकर एका सोंगटीला चाटून आत वळवतो आणि राणीला मारतो ना अगदी तसं, तो आत वळला आणि त्यानं विरोधी गोटा उडवला. एका फटक्यात तीन पॉइंट. हे कॅरमच्या बोर्डावर दोन फुटांवरून नाही बरं, साधारण 18-19 किलोचा ग्रॅनाइटचा गोटा, आपला गॅसचा रिकामा सिलेंडर 15-16 किलोचा भरतो त्याहून जड, आणि तो नव्वद-शंभर फुटांवरून सरकवायचा. मॅच 9-6 नं जिंकली.

फेब्रुवारी 1998 ला जपानचं नागानो ऑलिम्पिक, कर्लिंगचे सामने कारुईझावा गावात होते, आणि बायांच्या कर्लिंगला ऑलिम्पिकचं मेडल पहिल्यांदाच मिळणार होतं. सेमीफायनल ब्रिटनशी, बरोबरी झाली, जादाचा डाव खेळावा लागला, 6-5 नं निसटता विजय. फायनलला डेन्मार्क, 7-5. गोल्ड. सारा पाच महिन्यांची होती.

आता ताई, पुढचं नीट वाचा. दोन महिन्यांत उतरली हे ऐकून कोणी तुम्हाला म्हणालं की बघ ती उतरली तर तू पण उतर, तर ऐकू नका. कर्लिंगमध्ये अंगावर कोणी येत नाही. कबड्डीत चार जणी तुमच्यावर पडतात, पोटावर पडतात. पळायला सुद्धा बाळंतपणानंतर निदान तीन महिने थांबा असंच सांगतात, आणि पकडापकडी त्याच्याही पुढं. तुमचे सात महिने झाले, ते चांगलं आहे, पण आधी डॉक्टरीण बाईंना दाखवा, सिझर झालं असेल तर टाका आतून भरला का ते विचारा, आणि पळताना किंवा खोकताना लघवी निसटत असेल तर लाजून लपवू नका, तेच पहिलं सांगा, त्याला व्यायाम असतात आणि त्यानं बरं होतं. हिमोग्लोबिन सरकारी दवाखान्यात तपासून घ्या, आशाताई सोबत येतील, अंगात रक्त कमी असेल तर रेड टाकताना दम टिकत नाही आणि आपल्याला उगाच वाटतं की आता जमत नाही. मग महिनाभर नुसतं चालणं, मग पळणं, मग दम धरून कबड्डी-कबड्डी, आणि सगळ्यात शेवटी पकड. अंगावर पाजत असाल तर खेळायच्या आधी पाजून घ्या, छाती जड राहत नाही.

आणि सँड्राचं पुढं काय झालं तेही सांगते, अर्धी गोष्ट सांगणं मला पटत नाही. 1999 च्या जूनमध्ये तिला दुसरी मुलगी झाली, जेना, आणि थोड्याच महिन्यांत कॅन्सर निघाला. फेब्रुवारी 2000 मध्ये आजारी असताना पण ती ज्युनियर पोरापोरींच्या स्पर्धेत टीव्हीवर कॉमेंट्री करायला गेली, आणि 2 मार्च 2000 ला गेली. वय 36. थोरली अडीच वर्षांची, धाकटी नऊ महिन्यांची पण नाही. तिचे अंत्यसंस्कार देशभर टीव्हीवर दाखवले. तिच्या नावानं 2001 ला एक संस्था काढली, ती आजारी आणि दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांसाठी दवाखान्यांना मशीन घेऊन देते, अजून चालू आहे. बिगर गावात तिच्या गोल्ड मेडलच्या नावानं पार्क आहे, लेकरं खेळतात तिथं.

मला तुम्हाला एकच विचारायचं आहे. तुमच्या जिल्ह्याच्या टीममधल्या बाकीच्या पोरी कुठं दिल्या आहेत? दारव्हा, दिग्रस, पुसद, जवळपासच असतील ना? सँड्रा एकटी परत आली नव्हती, तिच्यासाठी तिघी जणी थांबल्या होत्या. तुम्ही फोन लावा. निम्म्या जणी तुमच्यासारख्याच घरात बसून हळहळत असतील, आणि घरच्यांना एका सुनेला नाही म्हणणं सोपं जातं, सात सुनांना नाही.

प्रश्न : मॅडम, मी अकोल्याला बीपीएड करतो. कर्लिंगमध्ये झाडू मारून नेमकं काय होतं? आमच्यात दोन पार्ट्या पडल्या, अर्धे म्हणतात कचरा साफ करतात, अर्धे म्हणतात गोटा थांबवतात.

उत्तर : दोन्ही पार्ट्या चुकल्या. झाडल्यानं गोटा थांबत नाही, जास्त लांब जातो. खेळाच्या आधी बर्फावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडतात, ते गोठून पुरळासारखे दाणे होतात, सडा टाकल्यावर थंडीत थेंब गोठले असं समजा. गोटा त्या दाण्यांवरून जातो, सोडताना त्याला हलका पीळ देतात म्हणून तो जाता जाता एका बाजूला वळतो. समोर जोरात घासलं की बर्फ जरासा गरम होतो, घर्षण कमी होतं, गोटा पुढं पळतो आणि वळतो कमी. म्हणून गोटा कमी पडेल असं वाटलं की स्किप ओरडते, झाडा. आणि ते झाडणं नुसतं हात हलवणं नाही, सगळ्या अंगाचं वजन फड्यावर टाकून गोट्याच्या पुढं पुढं सरकायचं, एका मॅचमध्ये दहा डाव, प्रत्येक डावात टीमचे आठ गोटे. दंड भरून येतात.

शाळेत मी हे पोरींना करून दाखवलं होतं. व्हरांड्याची फरशी ओली केली, पलीकडं खडूनं गोल काढला आणि डब्यातल्या स्टीलच्या वाट्या उपड्या करून सरकवायला लावल्या. पहिल्या दहा वाट्या थेट भिंतीवर, ठणाठण. मग एक सातवीतली पोरगी, मैदानावर कधीच पुढं न येणारी, ती गुडघ्यावर बसली, वाटीवर दोन बोटं ठेवली आणि असं काही हळूच सोडलं की वाटी गोलाच्या बरोबर मधी जाऊन उभी. दुसरीनं तिला उडवायला वाटी मारली तर हिनं तिसऱ्यांदा आधी पुढं एक आडवी वाटी लावून ठेवली, पहारा दिल्यासारखी. तिला कोणी शिकवलं नव्हतं, पण कर्लिंगमध्ये हेच करतात, त्याला गार्ड म्हणतात. त्यानंतर ती पोरगी खो-खोला पण यायला लागली. तुम्ही बीपीएड करता ना, ही वाट्यांची आयडिया तुमच्या प्रॅक्टिस लेसनला घ्या, खर्च शून्य, फक्त फरशी ओली असताना पोरांना पळू देऊ नका.

प्रश्न : माझं वय 58, मेहकर तालुका. सून पोलीस भरतीची तयारी करून राहिली, रोज पहाटे पळायले जाते, दीड वर्षाचा नातू मीच सांभाळतो. शेजारच्या बाया म्हणतात सासू असून सुनेची चाकरी करते. मी चुकून तं नाही राहिली ना?

उत्तर : नाही काकू, जराही नाही. वर सँड्राचं सांगितलंच, अजून दोघींचं सांगते. कॅनडातल्याच विनिपेग शहरातली कर्लिंगची स्किप जेनिफर जोन्स, शिकून वकील झालेली, 2012 ला तिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुलगी झाली, आणि फेब्रुवारी 2014 ला रशियात सोचीला तिच्या टीमनं 11 पैकी 11 सामने जिंकून ऑलिम्पिक गोल्ड घेतलं, एकही न हरता जिंकणारी ही बायांची पहिलीच टीम. दुसरी रेचल होमन, ती 2021 ला आठ महिन्यांची गरोदर असताना कॅनडाच्या अजिंक्यपदाची फायनल खेळली, ती हरली, पण 2024 ला लेकरं घरी असताना कॅनडा पण जिंकलं आणि जग पण. लेकरं कोणीतरी धरल्याशिवाय हे होत नसतं काकू. पेपरात तुमचा फोटो येणार नाही, पण पहाटे पाच वाजता नातू उठला की दूध कोण गरम करतं हे तुमच्या सुनेला माहीत आहे.

एकच करा, तुमचं पण वय झालं, गुडघे दुखत असतील तर नातवाला कडेवर घेऊन सारखं उठबस करू नका, मुलाला सांगा पहाटेचा एक तास तू धर. आणि सुनेच्या ग्राउंडच्या दिवशी नातवाला घेऊन गेलात तर कानाला रुमाल बांधा त्याच्या, सकाळी मैदानावर गार वारा असतो.