बंदोबस्त आणि भरवसा

प्रश्न : विधानसभेच्या मतदानाला केंद्राबाहेर पोलीस असतात, पण आतल्या यंत्रावर आम्ही कशाच्या आधारे भरवसा ठेवावा?

उत्तर : पोलिसांमुळे दांडगाई रोखली जाते, भरवसा मात्र साक्षीदारांमुळे येतो, असे मला मनापासून वाटते. मतदानाच्या दीड तास आधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचे अभिरूप मतदान, म्हणजे यंत्र तपासण्यासाठीचे चाचणी मतदान, घेतले जाते, ती मते पुसून यंत्र सीलबंद होते आणि कागदी सीलवर हजर प्रतिनिधींनाही सह्या करता येतात. मतदान संपल्यावर नोंदलेल्या एकूण मतांचा हिशेब, म्हणजे नमुना १७-सी, केंद्राध्यक्ष हजर प्रतिनिधींना देतात. मतमोजणीच्या वेळी तोच आकडा यंत्रावरील आकड्याशी ताडता येतो. पहाटे केंद्रावर प्रतिनिधीच न पाठवणारे उमेदवार ही साखळी तोडतात, याचे मला फार वाईट वाटते. आपल्या उमेदवाराला याबद्दल अवश्य विचारावे.