भाडं ११ हजार, हप्ता २० हजार: मारुती चौकातला गाळा घ्यावा का?

नमस्कार दादा,

मेसेज वाचला तुमचा. वडिलोपार्जित एनए प्लॉट विकून तुमच्या वाट्याला २४ लाख आलेत, कुपवाड एमआयडीसीत सुपरवायझर आहात, हातात ४२ हजार येतात, वय ४६, आणि सांगलीत मारुती चौकाजवळचा ३४ लाखांचा गाळा बघून ५१ हजार इसारही देऊन आलाय, वरचे १० लाख कर्ज काढायचे. का, तर मित्र म्हणाला की पगारावर कोण मोठा झालाय, भाडं म्हणजे बसून कमाई. मित्राला विचारा त्याचा स्वतःचा गाळा कुठाय ते.

पहिली गोष्ट, कर्ज १० लाखांचं लागणारच नाहीये, १५ चं लागेल. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरली की ३४ चे सव्वाछत्तीस होतात. आणि प्लॉटवरचा टॅक्स तुम्ही धरलेलाच नाही, तुम्ही लिहिलंय "१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही ना आता", तर दादा ती सूट पगार, व्याज असल्या उत्पन्नाला आहे, जमीन विकून झालेल्या नफ्याला ती लागत नाही. तुमच्या हिश्शाची २००१ सालची किंमत २ लाख धरू (जुन्या जमिनीची मूळ किंमत म्हणून तीच धरता येते, सीएकडून नीट काढून घ्या), तर २२ लाखांच्या नफ्यावर साडेबारा टक्के आणि सेस, म्हणजे साधारण २ लाख ८६ हजार. आणि गाळा घेतला म्हणून हा टॅक्स वाचत पण नाही, ती सवलत राहतं घर घेतलं तर आहे, दुकानाला नाही. हे फार लोकांना खरेदीखत झाल्यावर कळतं.

१५ लाख, साडेदहा टक्क्यांनी, १० वर्षं, हप्ता २० हजारांच्या वर. भाडं ११ हजार येणार म्हणता. म्हणजे भाडेकरू वेळेवर देत असला तरी दर महिन्याला ९ हजार तुमच्या पगारातून, ते पण वयाच्या ५६ पर्यंत! ह्याला बसून कमाई म्हणायचं का ते तुम्हीच बघा. कर्ज बाजूला ठेवलं तरी सव्वाछत्तीस लाखांवर वर्षाला १ लाख ३२ हजार म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास, त्यातून घरपट्टी, दुरुस्ती, रिकामे महिने. माझा स्वतःचा मिरजेतला फ्लॅट एकदा चार महिने कुलूप लावून होता, मेंटेनन्स मात्र दर महिन्याला जात होता. गाळ्याची किंमत वाढेल, कबूल, पण ती विकाल तेव्हाच हातात येते, आणि विकायला गिऱ्हाईक लागतं.

आणि मारुती चौक म्हणजे पूर आलाच. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५, परत २०२१ ला पाणी. ओसरल्यावर एका क्लायंटच्या दुकानात गेलो होतो, शटर अर्धंच वर जात होतं, आत चिखलात भिजलेले साड्यांचे गठ्ठे, भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर पाण्याची रेघ. भाडेकरूनं त्या महिन्यात भाडं दिलं का हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

आता मेसेजच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलेलं वाक्य, "मिसेस घरी भडंग करते, किरकोळ". महिन्याला ६० किलो, किलोमागं १०० रुपये सुटतात, म्हणजे ६ हजार, आणि दिवाळीत ऑर्डरी परत पाठवल्या कारण पाकिटं मेणबत्तीवर चिकटवत बसावं लागतं. हे किरकोळ नाही हो. दीड लाखात सीलिंग मशीन, मोठी कढई, वजनकाटा, छापील पाकिटं, एफएसएसएआयची (खाद्यपदार्थ विकायला लागते ती) नोंदणी सगळं बसतं, आणि माल दुप्पट झाला, मदतीला येणाऱ्या बाईला महिन्याला ३ हजार दिले, तरी वर्षाला ३६ हजार जादा. दीड लाखावर २४ टक्के! अर्थात वहिनींचे कष्ट ह्यात धरलेले नाहीत, आणि दुप्पट माल खपेल का हे त्यांना विचारा, मला नाही. पैसे मात्र त्यांच्याच खात्यावर ठेवा.

बाकीचं असं करा. प्लॉट विकल्याच्या खरेदीखताला तीन महिने झालेत, म्हणजे कॅपिटल गेन बाँडसाठी (जमिनीचा नफा ह्यात गुंतवला की तेवढ्यावरचा टॅक्स वाचतो) तीनच उरलेत, सहा महिन्यांत घ्यावे लागतात. त्यात १२ लाख टाका, व्याज सव्वापाच टक्क्यांच्या आसपास आणि पाच वर्षं हात लावता येत नाही, पण दीड लाखाच्या वर टॅक्स वाचतो. उरलेल्या नफ्याचा १ लाख ३० हजार टॅक्स बाजूला काढा. ३ लाख बँकेत एफडी, अडीअडचणीला. पतसंस्थेत एक टक्का जास्त मिळतो म्हणून तिकडे जाऊ नका, ५ लाखांचा ठेव विमा बँकेतल्या ठेवींना असतो, पतसंस्थेला नाही. दीड लाख भडंगाला. राहिले ६ लाख २० हजार, ते दीड वर्षात थोडे थोडे करून इंडेक्स फंडात (बाजारातल्या मोठ्या कंपन्यांचे शेअर एकत्र घेणारा म्युच्युअल फंड), मार्केट पडेल तेव्हा पोटात गोळा येईल, सात-आठ वर्षं थांबायची तयारी नसेल तर हे करूच नका.

आणि पगाराला नावं ठेवू नका, हे सगळं पगार चालू आहे म्हणूनच जमतंय.

इसार पावतीचा फोटो पाठवा आधी. व्यवहार मोडला तर ५१ हजार परत का जप्त हे त्यात लिहिलेलं असेल, आणि कर्ज मंजूर झालं नाही तर काय, अशी ओळ आहे का बघा. तोवर मालकाला पुढचा एक रुपया देऊ नका.